मूत्रपिंडाच्या विकारांतील मायक्रोआरएनए : उंदरांपासून रुग्णांपर्यंत कितपत पोचलो?

केंद्रकाम्ल (धागाकर्ती)

२०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी मिळाले, तेव्हापासून या रेणूंविषयीचे लेख वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येते: कर्करोग, हृदयविकार आणि मूत्रपिंडविकार यांवरचे नवे उपचार आता दृष्टिपथात आहेत. मूत्रपिंडापुरते हे वाक्य कितपत खरे आहे, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे. माझे काम प्रयोगशाळेतले आहे, दवाखान्यातले नाही. त्यामुळे रुग्ण पाहणाऱ्या सभासदांनी त्यांच्या बाजूने अवश्य भर घालावी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मायक्रोआरएनए हा सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा तुकडा असतो आणि त्यापासून प्रथिन बनत नाही. पेशीच्या केंद्रकात त्याचे लांब पूर्वरूप तयार होते, ड्रोशा नावाचे विकर (एन्झाइम) ते छाटते, बाहेर आल्यावर डायसर हे दुसरे विकर त्याला अखेरचे रूप देते, आणि मग आर्गोनॉट या प्रथिनात बसून तो संदेशवाहक आरएनएच्या शेवटाकडील भागाला चिकटतो. त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे समोरच्याशी जुळली, तरी एवढी पकड बहुधा पुरते. त्यानंतर त्या संदेशापासून बनणारे प्रथिन कमी होते, पण सहसा पूर्ण थांबत नाही. दिवा विझवण्यापेक्षा कंदिलाची वात खाली करण्यासारखे हे काम आहे. एकाच मायक्रोआरएनएची लक्ष्ये शेकडो असू शकतात, आणि पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

मूत्रपिंडाला या रेणूंची गरज आहे का, हा पहिला प्रश्न. २००८ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी उंदरांच्या पोडोसाइट पेशींतून फक्त डायसरचे जनुक काढून टाकले. (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या झुबक्याभोवती, म्हणजे केशिकागुच्छाभोवती, बोटे गुंफून गाळण करणाऱ्या पेशी त्या पोडोसाइट.) डायसर नाही म्हणजे त्या पेशींत पक्व मायक्रोआरएनए जवळजवळ नाहीत. जन्मल्यावर दोन-तीन आठवड्यांतच त्या उंदरांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली, आणि पुढच्या काही आठवड्यांत मूत्रपिंडे निकामी होऊन ते मेले. तिन्ही गटांचे निष्कर्ष जुळले. एवढ्यावर थांबले, तर मायक्रोआरएनए मूत्रपिंडाचे रक्षण करतात, असे लिहून मोकळे होता येईल. परंतु २०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने तेच जनुक गाळलेल्या द्रवातले उपयोगी पदार्थ परत शोषणाऱ्या निकटस्थ नलिकेच्या पेशींतून काढले. ते उंदीर धडधाकट राहिले. इतकेच नव्हे, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही काळ तोडून पुन्हा सुरू केल्यावर जी इजा होते, ती त्यांना सामान्य उंदरांपेक्षा कमी झाली. अवयव तोच, यंत्रणा तीच, पेशी मात्र वेगळी, आणि फळ उलटे.

मिर-१९२ या मायक्रोआरएनएची कथा यापेक्षाही बोलकी आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील सिटी ऑफ होप संस्थेतील रमा नटराजन यांच्या गटाने दाखवले की मधुमेही उंदरांच्या केशिकागुच्छांत मिर-१९२ वाढलेला असतो. टीजीएफ-बीटा हा तंतुमयता (ऊतीत चट्ट्यासारखे तंतू साचणे) घडवणारा संदेश केशिकागुच्छाला आधार देणाऱ्या मेसँजियल पेशींत मिर-१९२ वाढवतो, मिर-१९२ झेब-२ या प्रथिनाला दाबतो, आणि झेब-२ कोलॅजेनच्या जनुकाला आवरून धरत असल्यामुळे तो आवर सुटून कोलॅजेन साचत जाते. साखळी स्वच्छ आहे. पुढे याच गटाने मिर-१९२ ला अडवणारा रेणू मधुमेही उंदरांना टोचला, तेव्हा तंतुमयता कमी झाली. मात्र २०१० मध्ये ब्रिटनमधील एका गटाने मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सी तपासल्या, आणि तिथे चित्र उलटे निघाले: मिर-१९२ जितका कमी, तितकी तंतुमयता अधिक आणि गाळणशक्ती खालावलेली. त्यांनी नलिकेच्या पेशी वाढवून पाहिल्या, तर त्यांत टीजीएफ-बीटाने मिर-१९२ वाढण्याऐवजी घटला.

दोघांपैकी कोणाचे तरी चुकले असेल, असा पहिला संशय येतो. मला तसे वाटत नाही. दोन्ही ठिकाणी लक्ष्य झेब कुळातीलच आहे. मेसँजियल पेशीत झेब-२ कोलॅजेन रोखतो, म्हणून तिथे तो हवा. नलिकेच्या पेशीत मात्र झेब प्रथिने पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनला दाबतात, म्हणून तिथे ती नकोत. अशा रेणूला औषधाचे लक्ष्य करायचे ठरवले, तर ते औषध कोणत्या पेशीत जाणार, हे आधी सांगता आले पाहिजे. मूत्रपिंडविकारात अमुक मायक्रोआरएनए वाढतो, या प्रकारच्या वाक्यात पेशीचे नाव नसेल, तर त्या वाक्याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.

औषधांच्या दोन कहाण्या, मिर-२१ आणि मिर-१७, प्रतिसाद आल्यावर लिहिते.

गाळणी

उत्तम धागा. मी नेफ्रॉलॉजिस्ट असून माझे बहुतेक रुग्ण मधुमेह आणि रक्तदाबाचे आहेत, म्हणून माझी अडचण मांडतो. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडाची बरीचशी कार्यक्षमता गेलेली असते. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर त्याहून लवकर इशारा देते, परंतु मधुमेहींपैकी काहींचे मूत्रपिंड अल्ब्युमिन न वाढताही खालावते, आणि अल्ब्युमिन वाढलेल्यांपैकी सगळ्यांचे खालावत नाही. कोण वेगाने घसरणार आहे हे आधी सांगणारी चाचणी मिळाली, तर ती मला आजच हवी आहे.

बायोप्सीच्या जागी काही मिळाले तर तेही हवे. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या तीव्र नकारात मिर-१४२, मिर-१५५ आणि मिर-२२३ वाढलेले असतात, हे २००९ मध्येच बायोप्सीच्या ऊतींवर दाखवले गेले होते; हे तिन्ही मुख्यतः प्रतिकारपेशींचे रेणू असल्यामुळे ते पटतेही. आयजीए नेफ्रोपॅथीत, म्हणजे आयजीए प्रतिपिंड केशिकागुच्छांत साचण्याच्या आजारात, इटलीच्या बारी येथील गटाने रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये मिर-१४८बी वाढलेला दाखवला. आयजीए-१ या प्रतिपिंडावर गॅलॅक्टोज चढवणाऱ्या विकराला हा रेणू दाबतो, आणि गॅलॅक्टोजची उणीव असलेले आयजीए-१ हे तर या आजाराचे मूळच मानले जाते. रोगाची यंत्रणा समजण्यासाठी हे सुंदर काम आहे. तरीही इतक्या वर्षांनंतर माझ्या टेबलावर यांपैकी एकही चाचणी आलेली नाही. असे का व्हावे?

शेवंता

गाळणी सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर प्रयोगशाळेच्या बाकावर आहे. मी रेण्वीय निदानाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे नमुना हातात आल्यावर काय काय बिघडू शकते, तेवढेच सांगते.

पहिली गोष्ट रक्तपेशी फुटण्याची. तांबड्या पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ भरपूर असतात. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली किंवा नमुना बराच वेळ पडून राहिला, तर थोड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मात या दोघांचे प्रमाण भलतेच वाढते. डोळ्यांना प्लाझ्मा गुलाबी दिसण्याआधीच हे घडलेले असते. दुसरी गोष्ट तुलनेच्या आधाराची. एखादा मायक्रोआरएनए वाढला असे म्हणताना तो कशाच्या तुलनेत वाढला, हे सांगावे लागते, आणि रक्तात किंवा लघवीत सर्वांनी मान्य केलेला स्थिर संदर्भरेणूच नाही. ऊतींसाठी वापरला जाणारा यू-६ हा छोटा आरएनए येथे भरवशाचा नाही, आणि काही जण मिर-१६ वापरतात, ज्याचे रडगाणे मी वर गायलेच आहे.

तिसरी गोष्ट खास मूत्रपिंडाच्या रुग्णांची आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. डायलिसिसच्या रुग्णाला रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलेले असते. हेपारिन नमुन्यात राहिले, तर ते आरएनए मोजणाऱ्या पीसीआरच्या अभिक्रियेलाच अडथळा आणते. हेपारिनेज विकराने ते आधी काढले नाही, तर डायलिसिसवरील रुग्णांत अमुक मायक्रोआरएनए घटतो असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात घटलेली असते ती केवळ आमची अभिक्रिया. याशिवाय मूत्रपिंड मंदावल्यावर रक्तात फिरणाऱ्या अनेक मायक्रोआरएनएंचे एकूण प्रमाणही बदलते. तेव्हा दिसलेला फरक रोगाच्या कारणाचा की रोगाच्या परिणामाचा, हे एका नमुन्यावरून ठरत नाही.

मध्यक

उरलेले अर्धे उत्तर संख्याशास्त्राचे आहे. एका चिपवर शेकडो मायक्रोआरएनए मोजायचे, वीस-पंचवीस रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक घ्यायचे, आणि जे दहा-बारा वेगळे दिसतील त्यांची स्वाक्षरी म्हणून नोंद करायची, ही पद्धत जिथे जिथे चालते तिथे पुढच्या गटाला दुसरेच दहा-बारा सापडतात. त्यानंतर संगणकाला त्या रेणूंची लक्ष्ये विचारली जातात. सात-आठ अक्षरांच्या जुळणीवर लक्ष्ये शोधली की हजारो निघतात, आणि हजारो जनुकांत टीजीएफ-बीटाचा मार्ग सापडला नाही तरच नवल. यातून दिसणारा रंगीत आलेख पुरावा नसतो.

माझा ताईंना एक प्रश्न आहे. ज्यात अंदाज नव्हे, तर थेट बंध दाखवला आहे, म्हणजे लक्ष्यावरची तेवढीच जागा पुसली आणि रोग बदलला, असे मूत्रपिंडातील एखादे उदाहरण आहे का?

सातारकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण या विषयाशी माझा थेट संबंध आहे. आमच्या घरात मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. आई डायलिसिसवर होती. मला सोनोग्राफीत दोन्हीकडे गाठी दिसल्या आहेत, क्रिएटिनिन सध्या थोडेच वाढलेले आहे. मध्यंतरी एका प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने मायक्रोआरएनएची मूत्रपिंड तपासणी म्हणून एक महागडी चाचणी सुचवली आणि आजार किती वेगाने वाढणार ते त्यातून कळेल असे सांगितले. ती करावी का? आणि या आजारावर मायक्रोआरएनएला अडवणारे औषध येत आहे, असे वाचले, ते खरे का?

गाळणी

सातारकर, चाचणीविषयी मी स्पष्टच सांगतो: करू नका. आपल्या आजारात वेग सांगणाऱ्या, भरपूर रुग्णांवर पारखलेल्या गोष्टी आधीच उपलब्ध आहेत. एमआरआय किंवा सीटीवर मोजलेले दोन्ही मूत्रपिंडांचे एकूण आकारमान, त्याची आपल्या वयाशी आणि उंचीशी घातलेली सांगड, आणि जनुकीय तपासणीत दोष पीकेडी-१ मध्ये आहे की पीकेडी-२ मध्ये, या तीन गोष्टी आपल्या डॉक्टरांना बरेच काही सांगतील. पीकेडी-१ चा दोष साधारणपणे लवकर गाठतो. रक्तदाब काटेकोर ठेवणे हे आजही सर्वांत मोलाचे आहे, आणि वेगाने वाढणाऱ्या आजारात टॉल्व्हॅप्टॅन हे गाठींची वाढ मंदावणारे औषध द्यायचे का, हा विचार तुमच्या डॉक्टरांनी करायचा आहे. औषधाचा प्रश्न मी धागाकर्तींकडे सोपवतो.

केंद्रकाम्ल

मध्यक यांचा प्रश्न आणि सातारकरांचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून आधी मिर-२१ ची कहाणी संपवते आणि मग तिकडे वळते.

मिर-२१ हा इजा झालेल्या जवळजवळ प्रत्येक अवयवात वाढतो. २०१२ मध्ये असे दिसले की मिर-२१ नसलेले उंदीर एरवी निरोगी असतात आणि मूत्रवाहिनी बांधून मूत्रपिंडाला इजा केली, तर त्यांच्यात तंतुमयता कमी होते. गंमत अशी की मिर-२१ काढल्यावर मोकळी झालेली जनुके कोलॅजेनची नव्हती, तर मुख्यतः चयापचयाची होती. नलिकेच्या पेशी मेदाम्ले जाळून ऊर्जा मिळवतात, त्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या पीपार-अल्फाला मिर-२१ दाबतो, आणि ऊर्जा आटलेली पेशी तंतुमयतेकडे झुकते. तीन वर्षांनी अल्पोर्ट आजाराच्या उंदरांवर मिर-२१ ला अडवणारा रेणू वापरला, तेव्हा ते अधिक जगले. अल्पोर्टमध्ये गाळणपडद्यातील चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनचे जनुकच सदोष असते, आणि तरीही उंदीर सुधारले, याचे सर्वांना अप्रूप वाटले. त्या रेणूचे पुढे लॅडेमिर्सेन हे औषध झाले. आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचायचे ते औषध अल्पोर्टच्या रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत गेले, आणि २०२२ मध्ये, लाभाची शक्यता दिसत नाही म्हणून, ती चाचणी थांबवण्यात आली. औषध सुरक्षिततेत अडखळले नव्हते. गाळणशक्तीची घसरण तेवढी थांबली नाही.

आता मिर-१७. सातारकरांच्या आजारात पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, दुसरी चांगली असते, आणि पॉलिसिस्टिन हे प्रथिन एका मर्यादेखाली गेले की गाठी वाढू लागतात. टेक्सासमधील विशाल पटेल यांच्या गटाने आधी दाखवले की गाठींच्या पेशींत मिर-१७ चे कुटुंब वाढलेले असते, आणि ते काढल्यास उंदरांतील गाठी मंदावतात. यापुढची पायरी २०२२ मधली, आणि मध्यक यांना हवे असलेले उदाहरण तेच आहे. पीकेडी-१ आणि पीकेडी-२ यांच्या संदेशांच्या शेवटी मिर-१७ चिकटण्याची जागा आहे. त्या गटाने मायक्रोआरएनएला हात न लावता संदेशावरची तेवढी जागाच जनुकसंपादनाने काढून टाकली. पॉलिसिस्टिन वाढले आणि गाठी कमी झाल्या. शेकडो लक्ष्यांपैकी नेमके कोणते महत्त्वाचे, या वादाला येथे जागा उरत नाही, आणि संपूर्ण मूत्रपिंड-मायक्रोआरएनए साहित्यात इतका निर्विवाद पुरावा मला दुसरा माहीत नाही.

औषधाचा पहिला उमेदवार कॅलिफोर्नियातील रेग्युलस कंपनीचा होता. प्राण्यांना मोठ्या मात्रा दिल्यावर मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसले, म्हणून रेणूची रचना बदलून दुसरा उमेदवार आणला गेला. त्याचे नाव फाराबर्सेन. रुग्णांवरील पहिल्या टप्प्यात त्याने लघवीतील पॉलिसिस्टिन वाढवले. २०२५ मध्ये नोव्हार्टिसने ही कंपनी विकत घेतली. मी हे लिहिते आहे तेव्हा ते मंजूर औषध नाही, आणि गाळणशक्ती खरोखर टिकते का, हे मोठ्या चाचणीतच ठरायचे आहे. सातारकर, त्यामुळे बातमी खरी आहे, परंतु तिच्या आधारे आजचे कोणतेही उपचार पुढे ढकलू नका.

दूरदेशी

मी आरएनए औषधांच्या क्षेत्रात काम करतो, आणि ताईंच्या मांडणीशी एका ठिकाणी असहमत आहे. लॅडेमिर्सेनच्या अपयशावरून मिर-२१ हे लक्ष्यच चुकीचे, असा अर्थ निघू नये. अल्पोर्टच्या रुग्णांची घसरण एकसारखी नसते, काहींची वेगवान तर काहींची संथ असते, आणि वर्षभराच्या आसपासच्या चाचणीत इतक्या विषम गटातून छोटा लाभ दिसणे अवघडच होते. शिवाय उंदरांत उपचार आजाराच्या आरंभी सुरू झाले होते, तर रुग्णांच्या मूत्रपिंडात तंतू आधीच साचलेले होते. साचलेले कोलॅजेन मायक्रोआरएनए अडवून विरघळत नाही.

आणखी एक मुद्दा पोचवण्याचा. फॉस्फोरोथायोएट कणा (रेणू लवकर तुटू नये म्हणून बदललेला सांगाडा) असलेले हे रेणू शरीरात गेल्यावर यकृत आणि मूत्रपिंड या दोन ठिकाणी सर्वाधिक साठतात, आणि मूत्रपिंडात ते मुख्यतः निकटस्थ नलिकेच्या पेशींत शिरतात. नलिकेच्या आजारांसाठी ही आयती सोय आहे. पोडोसाइटमध्ये पोचायचे असेल, तर हाच मार्ग कमी पडतो. लुमासिरॅनचे उदाहरण देऊन आरएनए औषधे मूत्रपिंडात यशस्वी झाली, असे कोणी म्हणते, तेव्हा मी लगेच अडवतो. प्राथमिक हायपरऑक्झाल्युरियात (यकृतात ऑक्झलेट जास्त बनण्याच्या आनुवंशिक आजारात) ते मूत्रपिंड वाचवते हे खरे, पण त्याचे काम यकृतात चालते, आणि तो मायक्रोआरएनएला अडवणारा रेणूही नव्हे. एका ठरावीक जनुकाला गप्प करणारा तो वेगळा प्रकार आहे.

केंद्रकाम्ल

दूरदेशी, पोचवण्याचा मुद्दा पूर्ण मान्य आहे, आणि मिर-१९२ च्या बाबतीत तो जिव्हाळ्याचा आहे: तुमचे म्हणणे धरले, तर त्याला अडवणारे औषध नेमके तिथेच, म्हणजे नलिकेत, अधिक साठेल, जिथे मिर-१९२ बहुधा टिकायला हवा. अल्पोर्टविषयी मात्र मी माझ्या जागी आहे. मिर-२१ ने चयापचय बिघडतो हे खरे असले, तरी अल्पोर्टचे मूळ गाळणपडद्यात आहे, आणि मिर-२१ त्या मुळापासून बराच लांब आहे. मिर-१७ चे लक्ष्य तर रोगाचेच जनुक आहे. दोन उमेदवारांतला हा फरक चाचणीचा कालावधी वाढवून मिटणारा नाही. मिर-२१ पुन्हा आजमावायचा असेल, तर तो तीव्र इजेनंतरच्या नलिकेत आजमावावा. तिथे पेशीही ओळखीची आहे आणि औषधही तिथेच पोचते.

शेवंता

मूत्रातील पॉलिसिस्टिनचा उल्लेख आला म्हणून एवढेच जोडते की ते मोजले जाते लघवीतील बाह्यपेशीय पुटिकांमधून, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून, आणि त्या पुटिका थेट नलिकेच्या पेशींतून सुटलेल्या असतात. मायक्रोआरएनए मोजायचे असले तरी रक्तापेक्षा हा नमुना मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण निदान तो कोणत्या अवयवातून आला, याचा वाद राहत नाही. अडचण अशी की सकाळची पहिली लघवी आणि दुपारची लघवी यांत पुटिकांचे प्रमाण सारखे नसते, आणि प्रथिने जात असलेल्या रुग्णांत अल्ब्युमिन व युरोमोड्युलिन ही प्रथिने त्या पुटिकांना गुरफटून टाकतात.

सातारकर

सर्वांचे आभार. ती चाचणी रद्द करतो आणि आकारमान मोजण्याविषयी डॉक्टरांना विचारतो. माझी धाकटी बहीण पस्तिशीची आहे आणि तिने अजून काहीच तपासलेले नाही. तिच्यासाठी यातले काही उपयोगी आहे का?

गाळणी

त्यांच्यासाठी साधी सोनोग्राफी. पालकांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो असण्याची शक्यता निम्मी असते. १५ ते ३९ या वयोगटात घरात आजार ठाऊक असताना दोन्ही मूत्रपिंडांत मिळून तीन किंवा अधिक गाठी दिसल्या, तर निदान होते. पस्तिशीत सोनोग्राफी पूर्ण स्वच्छ आली, तर आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते, तरी अशा वेळी चाळिशीनंतर एकदा पुन्हा बघावे, आणि त्या स्वतःचे मूत्रपिंड आप्ताला देण्याचा विचार करत असतील तर एमआरआय किंवा जनुकीय तपासणी आवश्यक ठरते. रक्तदाब मात्र आजच मोजून घ्यायला सांगा. या आजारात तो गाळणशक्ती घटण्याच्या बऱ्याच आधी वाढू लागतो.